मोजून मापून उशीर

मी अमेरिकेतील एका बॅले संस्थेच्या वेशभूषा विभागात शिवणकाम करते. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांच्या निधनाला एप्रिल 2023 मध्ये 40 वर्षे झाली, त्यानिमित्ताने आमच्या संस्थेने त्यांचे ‘सेरेनेड’ हे बॅलेनृत्य बसवले. अमेरिकेत आल्यावर, 1934 मध्ये, विद्यार्थिनींना घेऊन त्यांनी ते रचले होते. पहिल्या संध्याकाळी 17 मुली आल्या म्हणून सुरुवातीची रचना 17 जणींची झाली. पुढे एक तालमीत पडली, एक उशिरा पोहोचली, तेव्हा त्यांनी ते पडणे आणि तो उशीर दोन्ही नृत्यातच घेतले.

त्यांच्या रचना परस्पर करता येत नाहीत. 1987 मध्ये स्थापन झालेला बॅलन्शिन ट्रस्ट परवानगी देतो आणि त्या बसवण्यासाठी जाणकार व्यक्ती पाठवतो. आमच्याकडे आलेल्या बाई वही क्वचितच उघडत. उंचावलेला हात मनगटातून वळून कपाळाशी कसा येतो, हे त्या स्वतः करून दाखवत. माझ्याकडचे फिकट निळे, घोळदार झगेही असेच हस्तांतरित झालेले: आतल्या पट्टीवर आधीच्या नर्तिकांची नावे, आणि पाठीवर हुकांसाठी फाशांच्या तीन रांगा, कारण प्रत्येकीच्या अंगाचे माप निराळे.

रंगीत तालमीत पहिला भाग संपत आला. सोळा जणी हात उंचावून स्थिर उभ्या होत्या आणि उशिरा येणारी नर्तिका विंगेत माझ्या शेजारी असतानाच तिच्या पाठीवरचा हूक तुटला. तो मीच आदल्या दिवशी लावला होता. मी उभ्याउभ्या चार टाके घातले, तोवर तिच्या प्रवेशाचे सूर निघून गेले. ती धावत गेली. प्रेक्षागृहातून पाहणाऱ्या कोणालाही ते खटकले नसते, कारण तिने उशिराच यायचे होते!

बाईंनी मात्र तालीम थांबवली. मी चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. हा उशीर 1934 पासून ठरलेल्या मात्रेवरच होत आला आहे आणि त्याहून उशीर चालणार नाही, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. मला त्या क्षणी हसू आले, ते दाबायला मी सुई तोंडात धरली.

त्या रात्री मी सर्व हूक उसवून दुहेरी दोऱ्याने पुन्हा लावले. प्रयोगाला ती अगदी वेळेवर उशिरा आली.