बंद हेडलॅम्पचे रूप

गाडीचा हेडलॅम्प चोवीस तासांपैकी फार थोडा वेळ पेटलेला असतो. ठाण्यातल्या एखाद्या नोकरदाराची गाडी रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहते, दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहते, आणि सकाळी घोडबंदर रस्त्यावरच्या गर्दीत ती सरकत असते तेव्हाही उजाडलेले असल्यामुळे दिवे लावण्याचे कारण नसते. २०१७ च्या १ एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलॅम्प इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो. पण त्यासुद्धा स्टेशनबाहेर रांगेने लावलेल्या असतात तेव्हा त्यांचे दिवे बंदच असतात. म्हणजे रात्रीच्या रस्त्यासाठी घडवलेली ही वस्तू लोक बहुतेक वेळा न पेटलेली पाहतात, आणि गाडी विकत घ्यायची की नाही हे ठरवतानाही तशीच पाहतात.

मी हेडलॅम्पच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांचे डिझाइन करते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. प्रकाश देणारी यंत्रणा विचारपूर्वक मांडली की बंद दिवाही देखणा दिसतो, आणि वरून चढवलेली सजावट बहुतेक वेळा फसलेली मांडणी झाकण्यासाठी आलेली असते.

जुन्या दिव्यांकडे पाहिले की हे लवकर पटते. अमेरिकेत १९४० पासून सात इंची गोल सीलबंद दिवा कायद्यानेच बंधनकारक झाला आणि कित्येक वर्षे सगळ्या कंपन्यांना तोच एक आकार वापरावा लागला. आपल्याकडे अँबेसेडर आणि जीप यांचे गोल दिवे अनेकांना आठवत असतील. त्यांच्या काचेवर उभ्या रेघा आणि लहान लहान चौकोन असत. उभ्या रेघांमुळे प्रकाश आडवा पसरत असे, आणि तिरप्या चौकोनांमुळे तो खाली वळत असे. ती नक्षी कोणी शोभेसाठी काढलेली नव्हती. पण दुपारच्या उन्हात तीच काच झगमगत असे आणि तिच्यामागचा बल्ब, त्याची टोपी, परावर्तकाचा पोकळ वाडगा यांपैकी काहीच स्पष्ट दिसत नसे. बंद दिव्याचे रूप सांभाळण्याचे काम ती काच आपोआप करत होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दशकात हे चित्र पालटले. संगणकाच्या मदतीने परावर्तकाचा प्रत्येक लहान तुकडा वेगळ्या कोनात घडवणे शक्य झाले, त्यामुळे प्रकाश वळवण्याचे काम काचेकडून परावर्तकाकडे गेले. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक आले आणि ते पूर्णपणे पारदर्शक ठेवता येऊ लागले. गाडीच्या उतरत्या अंगाशी मिळतेजुळते कोणतेही वळण बाहेरच्या लेन्सला देता आले, ही डिझाइनरांसाठी मोठीच मोकळीक होती. पण त्याच वेळी आतले सगळे उघडे पडले: बल्ब, स्क्रू, सांधे, परावर्तकाच्या कडा, साच्याच्या जोडरेषा. हे झाकण्यासाठी बेझेल, म्हणजे आतली चौकट, महत्त्वाची झाली. आज हेडलॅम्पच्या दर्शनी रूपावर खर्च होणाऱ्या श्रमांपैकी मोठा भाग या एका चौकटीवर जातो.

त्याआधीच्या काळात काही डिझाइनरांनी हा प्रश्न अगदी मुळातून सोडवला होता. त्यांनी दिवाच लपवला. १९३६ च्या कॉर्ड ८१० या अमेरिकी गाडीपासून उघडझाप होणारे दिवे आले आणि २००४ पर्यंत थोड्याफार गाड्यांवर टिकले. ते मला आवडतात, परंतु लपवण्याने प्रश्न टळतो, सुटत नाही.

पारदर्शक लेन्समागे काय काय खटकते, याचे सर्वांत जुने उदाहरण टर्न इंडिकेटरचे आहे. इंडिकेटरची लेन्स नारंगी होती तोवर आतला बल्ब साधा चालत असे. लेन्स स्वच्छ झाल्यावर बल्ब नारंगी करावा लागला, आणि चकचकीत परावर्तकाच्या मधोमध तो अंड्याच्या पिवळ्या बलकासारखा दिसू लागला. मग काही उत्पादकांनी त्याच्या काचेवर असा थर चढवला की बंद असताना तो चंदेरी दिसतो आणि पेटल्यावर नारंगी प्रकाश देतो. एका लहानशा बल्बच्या न पेटलेल्या रूपासाठी एवढे संशोधन झाले, याचे मला आजही कौतुक वाटते.

एलईडी आल्यावर हाच पिवळेपणा दुसऱ्या वाटेने परतला. पांढरा प्रकाश देणाऱ्या बहुतेक एलईडीमध्ये मूळ चिप निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो. दोन्ही मिळून पांढरा प्रकाश होतो. पण वीज नसताना तो थर नुसता पिवळा दिसतो. प्रोजेक्टरच्या, म्हणजे भिंगातून प्रकाश समोर फेकणाऱ्या दिव्याच्या, जाड भिंगातून पाहिले, तर काही मिलिमीटरचा तो ठिपका मोठा होऊन समोर येतो. परावर्तकाच्या रचनेत एलईडी वर किंवा खाली तोंड करून बसवलेली असल्यामुळे थेट दिसत नाही, मात्र एखाद्या विशिष्ट कोनातून परावर्तकाचे दोन-चार कप्पे अचानक पिवळसर वाटतात. त्यावर उपाय म्हणजे एलईडी आणखी आत सरकवणे, बेझेलची कड थोडी पुढे आणणे, किंवा माणूस ज्या उंचीवरून गाडीकडे पाहतो ती उंची धरून कोन बदलणे. यातल्या प्रत्येक उपायाने थोडा प्रकाश हातचा जाऊ शकतो, म्हणून प्रकाशाचे गणित करणारे सहकारी आणि मी एका टेबलाशी बसून मिलिमीटरभर जागेसाठी तासन्‌तास वाद घालतो.

चंदेरी भाग कसे तयार होतात हे रबाळे एमआयडीसीतल्या एका मेटलायझिंगच्या कारखान्यात जवळून पाहता आले. प्लास्टिकचे करडे तुकडे एका फिरत्या चौकटीवर टांगतात आणि ती चौकट पोलादी टाकीत ढकलून आतली हवा काढून घेतात. टंगस्टनच्या तारांवर ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे अडकवलेले असतात; तारा तापल्या की त्यांची वाफ होते आणि ती प्रत्येक पृष्ठभागावर बसते. दार उघडते तेव्हा आत गेलेले करडे तुकडे आरसे होऊन बाहेर येतात. हा थर साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ, त्यामुळे तो खालचे काहीच झाकत नाही. धुळीचा कण, बोटाचा ठसा, साच्यावरचा ओरखडा हे सारे उलट अधिक ठळक होते. तिथले वयस्कर पर्यवेक्षक मला म्हणाले, “मॅडम, तुकडा प्लास्टिकचा आहे तोवर काय ते बघून घ्या. चकाकी चढली की लपवायला जागा उरत नाही.” तेव्हापासून मी चकचकीत भागांचे क्षेत्रफळ शक्य तितके कमी ठेवते. जिथे प्रकाश परावर्तित व्हायचा आहे तिथेच आरसा असावा आणि बाकीचा भाग काळा किंवा गडद करडा, बारीक पोताचा असावा. असे केले की बंद दिव्यात खोली दिसते, आणि नजर आपोआप भिंगाकडे जाते.

हे सगळे तपासायचे कोणत्या उजेडात, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. स्टुडिओतल्या लांबट दिव्यांखाली जवळपास प्रत्येक नमुना चांगला दिसतो. तोच नमुना बाहेर नेला की निकाल बदलतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात आकाश म्हणजे एकसलग पांढुरका पडदा असतो, आणि चकचकीत बेझेल त्याचे प्रतिबिंब घेऊन सपाट, निर्जीव दिसते. पोत दिलेला गडद भाग मात्र त्याच उजेडात टिकून राहतो. डीआरएलच्या, म्हणजे दिवसा गाडी दिसावी म्हणून पेटणाऱ्या दिव्याच्या, लाइट गाइडचेही (प्रकाश वाहून नेणाऱ्या पारदर्शक पट्टीचेही) तसेच आहे. बंद असताना उन्हात त्याच्या मागच्या बारीक खाचा उठून दिसतात. साहित्य किंचित दुधट केले तर खाचा लपतात, पण प्रकाशाचा काही वाटा खर्ची पडतो. माझी पसंती जाड, स्वच्छ अॅक्रिलिकच्या तुकड्याला आहे, कारण त्याच्या कडांमध्ये दिवसाचा उजेड खेळतो आणि वीज नसतानाही दिवा जिवंत वाटतो.

ऊन फक्त रूप दाखवून थांबत नाही, ते दिव्याच्या आतही शिरते. प्रोजेक्टरचे भिंग आतला प्रकाश बाहेर फेकते, त्याचप्रमाणे बाहेरचे ऊन आत एकवटते. सीवूड्सला खाडीकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीवर संध्याकाळचे उतरते ऊन जवळजवळ भिंगाच्या सरळ रेषेत पडू शकते, आणि ज्या बिंदूवर ते एकवटते तिथे प्लास्टिकची कड असेल तर ती वितळू शकते. म्हणूनच सूर्याची वेगवेगळी स्थाने गृहीत धरून हा धोका संगणकावर आधीच तपासतात. सुंदर दिसणारी एखादी बारीक कड या तपासणीत अनेकदा बाद होते, आणि ती बाद झालीच पाहिजे.

एवढे करून दिवा नवा असताना देखणा दिसला, तरी माझ्या लेखी काम अर्धेच झालेले असते. नवी मुंबईतल्या कोणत्याही सेक्टरच्या रस्त्यावर उघड्यावर लावलेल्या आठ-दहा वर्षांच्या गाड्या पाहा. पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर अतिनील किरणांनी झिजला की लेन्स पिवळी आणि धुरकट होते. पॉलिश पेपर मारून ती पुन्हा चमकवता येते. पण त्या घासण्यात उरलासुरला थरही जातो, म्हणून नवा संरक्षक थर न चढवल्यास पिवळेपणा लवकरच परत येतो. पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरते ते वेगळेच. हॅलोजन दिव्याच्या उष्णतेने लेन्स लवकर कोरडी होत असे. एलईडीचा प्रकाश समोर फारशी उष्णता नेत नाही, त्यामुळे ओल रेंगाळते आणि काळ्या बेझेलवर पाण्याचे डाग उमटू शकतात. हवा खेळवणारी छिद्रे कुठे ठेवायची आणि आतला वारा कोणत्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो, हा विचार म्हणूनच रूपाच्या विचाराचाच भाग ठरतो.

यासाठी माझा एक आग्रह आहे, आणि दर बैठकीत मी तो मांडते. ज्या नमुन्यावरून दिव्याचे रूप मंजूर करायचे, तो आधी कृत्रिम उन्हाच्या आणि दमट हवेच्या चाचणीतून काढावा, आणि मंजुरीची सही त्यानंतर व्हावी. शिवाय बाहेरची लेन्स पूर्ण दिव्यापासून वेगळी काढून बदलता यावी. आज ती बहुतेक दिव्यांमध्ये गोंदाने कायमची चिकटवलेली असते, त्यामुळे आतला परावर्तक आणि एलईडी धडधाकट असतानाही केवळ लेन्स खराब झाली म्हणून मालकाला संपूर्ण दिव्याची किंमत मोजावी लागते. हे जमवण्यासाठी सांध्याचे रबर, पाणी अडवण्याची हमी आणि वाढणारा खर्च यांची उत्तरे शोधावी लागतील, आणि सध्या माझ्या टेबलावर त्याच सांध्याचे आराखडे आहेत.