मुलुंड ते शीव, रोज दोनशे शब्द

लिहायची हौस असलेल्या कुणालाही मुंबईत विचारा, गाऱ्हाणं एकच असतं : वेळ मिळत नाही. खरंच मिळत नाही, आणि पुढेही मिळणार नाही. म्हणून मी वेळ शोधायच्या फंदात पडत नाही. रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला लिखाण बांधून टाकते. माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे ठाण्याहून सुटणारी सकाळची स्लो लोकल. मुलुंड आलं की वही उघडायची, शीव आलं की मिटायची. मधे पंचवीसेक मिनिटं मिळतात. गाडी दहा मिनिटं लेट असली तरी मुलुंड येतंच.

वेळेपेक्षा अशी खूण पक्की, याला अभ्यासाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाणं, पिणं, व्यायाम यांपैकी एक नवी गोष्ट रोजच्या ठरावीक खुणेला जोडली होती. ती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. तेव्हा ‘२१ दिवसांत सवय’ हे विसरा. लिखाण म्हणजे जेवणाआधी पाणी पिण्याइतकं सोपं काम नव्हे, त्यामुळे अख्खा पावसाळा जाईल असंच धरून चाला. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी बाब अशी की एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसं बिघडत नाही. माझा नियम त्यावरून : एक खाडा माफ, सलग दोन नाहीत.

कोटा दोनशे शब्दांचा. हाताने नवा मजकूर लिहिताना मिनिटाला आठ-दहा शब्द होतात, म्हणजे पंचवीस मिनिटांत दोनशे सहज बसतात. हजार शब्दांचा संकल्प करणारे पहिल्या आठवड्यातच गळतात. कारण आळस नसतो. उरलेले आठशे शब्द रोज मागे लागतात आणि मग वहीकडे बघवत नाही. गाडीत लिहिणं हे काही मुंबईचं खूळ नाही. पोस्टखात्यात नोकरी करणारा इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यात मांडीवर लिहायची फळी घेऊन कागदावर पेन्सिलीने लिहायचा, त्याची बायको ते नंतर उतरवून काढायची. घरी असताना समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. एवढा झपाटा तुमच्या-माझ्या आवाक्यातला नाही, पण बायको नकलून देणार नसेल तरी पेन्सिल घ्याच. पावसाळ्यात ओल्या हाताने जेल पेनाची शाई फासते, आणि ब्रेक लागला की अक्षर पसरतं.

वही वरच्या बाजूला स्प्रिंग असलेली, जाड पुठ्ठ्याची, तळव्यापेक्षा जरा मोठी. बाजूने उघडणारी वही घेतलीत की शेजारणीच्या पोटात कोपर गेलंच. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर असताना हा फरक चांगलाच कळतो. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. पाठकोरी बाजू नंतर सुचणाऱ्या वाक्यांसाठी. दोनशे शब्द झाले की वाक्य अर्धवट असलं तरी थांबायचं आणि खाली उद्याची ओळ टाकायची : ‘आत्या पत्र उघडते, पण चष्मा सापडत नाही’. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट होत नाही, आधी चष्मा शोधायचा असतो.

फोनवर लिहायला हरकत नाही, उभ्याने प्रवास असेल तर इलाजही नाही. मात्र मुलुंडलाच विमान मोड लावा. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की दोनशे शब्द तिथेच खर्ची पडतात.

सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात? कालचं वाचून दुरुस्त करण्यात. पहिला परिच्छेद दहादा घासला जातो आणि गोष्ट कुर्ल्याच्या पुढे सरकतच नाही. गाडीत फक्त पुढे लिहायचं. ‘मूल’चा ऊ दीर्घ आणि ‘मुलाला’मधला ऱ्हस्व, हे नियम महत्त्वाचेच, पण रविवारचे. घरातल्यांना किंवा मैत्रिणींना अर्धी गोष्ट वाचून दाखवणंही टाळा. कौतुक झालं तर भूक भागते, नाक मुरडलं तर हात गळतो. दोन्हीकडून वही बंदच.

रविवारी मेगा ब्लॉक. रुळांवर असतो तसाच लिखाणावरही : नवं काही नाही, फक्त डागडुजी. आठवड्याचे हजार शब्द टाइप करायचे, आणि टाइप करतानाच पहिली काटछाट होते. घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका बघा. स्पर्धा परीक्षेची मुलं इतकी चिडीचूप बसलेली असतात की आपल्यालाही लाज वाटून काम होतं. टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉण्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि ती बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात. आणखी एक खोड म्हणजे ‘दुसऱ्या’. साधा र टाइप केला तर बऱ्याच कीबोर्डांवर डोक्यावर रफार येऊन ‘दुसर्या’ होतं. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य, असं द्यावं लागतं. फोनवर र जरा दाबून धरला की बहुधा ऱ मिळतो. संपादकाला ‘दुसर्या’ पहिल्या पानावरच खटकतं.

या सवयीला मुदत हवी, आणि मराठीत ती आयतीच आहे : दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. बऱ्याच अंकांची साहित्य घ्यायची मुदत जुलै-ऑगस्टमध्येच संपते, गणपतीत पाठवून उपयोग नसतो. तीन हजार शब्दांची कथा धरली तर पहिला खर्डा तीन ते चार आठवडे, मधे आठवडाभर हात न लावता ठेवायची, मग दुसरा खर्डा तीन आठवडे. म्हणजे मे महिन्यात सुरुवात. दुसरा खर्डा मोठ्याने वाचा. सलग चार वाक्यं ‘होती’वर संपतात हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच टोचतं.

पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन अंक चाळा. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालापासूनचं; तिथे किंवा तुमच्या भागातल्या वाचनालयात चौकशी करा. कोणत्या लांबीच्या, कोणत्या वळणाच्या कथा घेतात ते त्यावरून उमगतं. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. दोन्हीकडे छापली गेली तर पुढचे दरवाजे बंद. ईमेलमध्ये दोन ओळी, शब्दसंख्या, फोन नंबर, बस. होकार-नकार कळवायची पद्धत सगळीकडे नाही, त्यामुळे अंक बाजारात येईपर्यंत पत्ता लागत नाही असंही होतं. तोवर पुढची कथा वहीत सुरू झालेली असू द्या, अगदी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण सगळ्यात मोठे खाडे मुदत संपल्यावरच पडतात.