अँटेनावर वाळत घातलेलं जॅकेट

पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं एवढंच की पाऊस पडला आणि बस उशिरा आली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून डोंगर चढले. माथ्यावर पोचले तर बसायलाच काय, नीट उभं राहायलाही जागा नाही. फोटोसाठी रांग लागलेली, दोन स्पीकर सुरू, दोघांवर वेगवेगळी गाणी. आणि मला हवी होती रेडिओच्या अँटेनाची वायर ताणायला दहा मीटर मोकळी जागा.

'समिट्स ऑन द एअर' हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींचा उपक्रम २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. रेडिओ, बॅटरी, अँटेना सगळं स्वतः वाहून माथ्यावर न्यायचं आणि तिथून संपर्क करायचे. गुण हवे असतील तर किमान ४ संपर्क झालेच पाहिजेत. नियमांत एक सवलत आहे, तिच्यावर माझा फार जीव आहे: माथ्याच्या उंचीपेक्षा २५ मीटरपर्यंत खाली बसलं तरी चालतं. गाण्यांकडे पाठ केली आणि खालच्या सोंडेवर एक झाड दिसत होतं तिकडे उतरले.

गर्दीत उघडझाप करता येणारी काठीसारखी अँटेना सोयीची, असं बरेच जण सांगतात. मला ती पटत नाही. आखूड काठीला तळाशी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं लावून लांब असल्याचं सोंग आणायचं, आणि हातात असलेल्या ५ वॅटमधले काही त्या कॉइललाच तापवायला द्यायचे! १४ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी होते साधारण १० मीटर. तेवढीच बारीक वायर, तिच्या टोकाला काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर आणि एक दोरा. सगळं मिळून मोबाइलपेक्षा हलकं. टोकाशी वायरचा अवरोध (इम्पिडन्स) अडीच हजार ओहमच्या आसपास असतो. तो ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर त्याला रेडिओला चालणाऱ्या ५० ओहमवर आणतो. बस, एवढंच यंत्र.

दोऱ्याला वाळूची छोटी पिशवी बांधून फांदीवरून फेकायची. दगड बांधू नये, तो निसटतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. वारा असा होता की काही फेकी सरळ माझ्याकडेच परत आल्या. अशा वेळी रेडिओचा आद्य प्रयोगकर्ता मार्कोनी आठवतो. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर त्याने भर वाऱ्यात पतंगाला वायर बांधून ती वर चढवली आणि अटलांटिकपलीकडून आलेले मोर्सचे, म्हणजे टिंब-रेषांच्या संकेतलिपीतले, तीन टिंब ऐकल्याचं सांगितलं. त्याने ते खरंच ऐकले का, यावर अजून वाद चालतो. पतंगावर मात्र कुणी शंका घेत नाही.

शेवटी वायर तिरकी ताणली गेली, वरचं टोक फांदीला, खालचं माझ्या सॅकजवळ. मोर्स पाठवायची कळ मांडीला बांधली, एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली त्याचं माप, १ च्या जवळ तेवढं चांगलं) १.३, वारंवारता १४.०६१ मेगाहर्ट्झ. सी क्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक, सुरू केलं. कुणी नाही. पुन्हा सी क्यू. आणि एकदम एसडब्ल्यूआर ३ च्या वर! रेडिओने घाबरून आपली शक्ती कमी केली. वर बघते तर वायरवर हिरवं जॅकेट, निथळणारं.

"ताई, वारा मस्त आहे, दहा मिनिटांत वाळेल," जॅकेटचा मालक म्हणाला.

"ही दोरी नाही. अँटेना आहे."

"चालू आहे?"

चालू होती. ५ वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण अशा वायरच्या टोकाशी तेवढ्यालाही शंभराच्या वर व्होल्ट असतात. ओल्या हाताने तिथे धरलं तर चटका बसू शकतो. हे मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. जॅकेट उतरलं, तो मात्र तिथेच बसला.

"पण इथे मोबाइलला रेंज आहे की."

हा प्रश्न मला प्रत्येक डोंगरावर विचारतात आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कानात काहीतरी हललं. कुणीतरी माझ्या कॉलसाइनची, म्हणजे माझ्या स्टेशनच्या नावाची, शेवटची दोन अक्षरं आणि पुढे प्रश्नचिन्ह पाठवत होतं. पूर्ण कॉलसाइन पाठवली, पुन्हा पाठवली. सिग्नल बुडायचा, वर यायचा, पुन्हा बुडायचा. समुद्रापलीकडचं स्टेशन होतं. मग माझा सिग्नल कसा पोचतोय त्याचा रिपोर्ट आला: ३३९.

सांगते हे का लागलं मनाला. मोर्सवर बहुतेक जण सवयीने ५९९, म्हणजे 'उत्तम', देऊन मोकळे होतात, मग समोरचा ऐकू येवो न येवो. ३३९ म्हणजे कष्टाने कळतंय, क्षीण आहे, पण स्वर स्वच्छ आहे. म्हणजे तो माणूस तिकडे कान देऊन खरंच ऐकत होता, आणि जे ऐकू आलं तेच सांगत होता.

"काय म्हणाला?"

"माझं जेमतेम ऐकू येतंय म्हणाला."

"आणि एवढ्यासाठी तुम्ही वर आलात?"

"एवढ्यासाठीच."

पटलं नसावं, पण पुढचे संपर्क होईपर्यंत तो काही बोलला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. संपर्क चारच्या पुढे गेले. त्याचं श्रेय मी त्या गर्दीला अर्धं तरी देईन. सपाट माथ्यावर पाच-सहा मीटर उंचीची वायर बरीचशी शक्ती सरळ आकाशात फेकते. सोंडेवर समोरची जमीनच खाली घसरत जाते, त्यामुळे उताराच्या दिशेने सिग्नल क्षितिजालगत निघतो आणि लांब जातो. आलेली लांबची स्टेशनं सगळी त्याच बाजूची होती.

उतरवताना दोऱ्याच्या मोकळ्या टोकाला गाठ ठेवायची नाही, म्हणजे तो फांदीवरून सळसळत सुटून येतो. गाठ अडकली की लोक दोरा कापून झाडावरच सोडतात. त्याच फांदीवर कुणाचा तरी निळा दोरा लटकत होता. हात पोचला नाही, नाहीतर काढला असता.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या माथ्यावर जायचं होतं. सकाळपासून ढग गडगडत होते, म्हणून गेले नाही. विजा चमकत असताना डोंगरावर वायर ताणून बसणारे काही जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी माझं या बाबतीत अजिबात पटत नाही.