टूसॉनच्या बाजारातली निवडुंगाची भाजी

सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला अ‍ॅरिझोनातील टूसॉनचे ऊन नवे वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की आपल्याकडे बांधावर कुंपणापुरता ठेवलेला फड्या निवडुंग येथील मेक्सिकन दुकानांत कोथिंबिरीच्या शेजारी भाजी म्हणून विकायला असतो. या भाजीला येथे नोपाल म्हणतात. टूसॉनला २०१५ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली. वाळवंटातले अन्न येथे किती मनापासून जपले जाते, हे त्यावरून कळावे.

मात्र ओळख पटल्याशिवाय कोणतेही काटेरी झाड तोंडात घालू नये, याबाबत मी आग्रही आहे. आपल्या माळरानावर ज्यांना सरसकट निवडुंग म्हटले जाते, त्यांतील तिधारी आणि शेर ही झाडे मुळात एरंडाच्या कुळातली आहेत. त्यांची फांदी मोडताच पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला तर आग होते आणि डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका पोहोचतो. फड्या निवडुंग कापला तर चीक येत नाही, पारदर्शक बुळबुळीत रस येतो, आणि त्याचे काटे लव असलेल्या लहान ठिपक्यांतून झुपक्याने फुटतात.

ज्याला आपण पान म्हणतो, ते खरे तर खोड आहे. पाणी वाचवण्यासाठी हे झाड आपली रंध्रे रात्री उघडते आणि हवेतून घेतलेला कार्बन आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरते; त्यामुळे पहाटे तोडलेले पान चांगलेच आंबट लागते, तर दुपारनंतरचे सौम्य.

भाजीसाठी तळहाताएवढे कोवळे पान घ्यावे. मोठ्या काट्यांपेक्षा त्रासदायक असतात ती ठिपक्यांतली केसासारखी कुसळे, जी बिनकाट्याच्या जातीतही असतात आणि बोटात शिरल्यावरच जाणवतात. म्हणून पान चिमट्याने धरावे, सुरीने प्रत्येक ठिपका खरवडावा, सगळी कड कापून टाकावी आणि पान नीट धुवावे. पुढे बारीक फोडी मिठासह तव्यावर झाकण न ठेवता परताव्यात. भेंडीसारखा चिकटपणा सुटतो आणि आटतो, मग कांदा, लसूण, मिरची घालावी. येथे ती मक्याच्या तोर्तियाबरोबर खातात. मला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीबरोबरच ती खरी आवडते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ती बेतानेच खावी, कारण तिच्यात ऑक्झलेट, म्हणजे खडे तयार व्हायला हातभार लावणारा क्षार, असते.

लागवडीला बी लागत नाही. जून पान तोडून, कापलेली बाजू वाळून खपली धरेपर्यंत ते आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवावे, मग निचऱ्याच्या मातीत एक तृतीयांश पुरून, मुळे धरेपर्यंत पाणी अगदी हात राखून द्यावे. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि त्यात हे पान कुजते, त्यामुळे तेथे मुरूम मिसळलेला उंच वाफा करावा किंवा सरळ कुंडीत लावावे.