हडळकाकूंचे घर : खिडकी पुन्हा वितळली

आपल्या खाऊच्या घराच्या फोटो-कॉमिकची चौदावी फ्रेम या रविवारी पूर्ण होईल, असे मी मागच्या नोंदीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. रविवारी सकाळी पाहतो तो काय, साखरेची काच भिंतीवरून ओघळून ओट्यापर्यंत पोहोचली होती आणि तिच्याभोवती मुंग्यांची पंगत बसली होती. "काकूंच्या आधी मुंग्याच जेवल्या," असे म्हणून आईने फडके पुढे केले.

ग्रिम बंधूंच्या १८१२च्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या कथेत चेटकिणीच्या घराला पावाच्या भिंती, केकचे छप्पर आणि साखरेच्या खिडक्या आहेत. आपल्या फोटो-कॉमिकमध्ये मुले फिरकतच नसल्याने भुकेल्या हडळकाकू स्वतःचेच घर खात सुटतात आणि खिडकीतून त्यांचा अधाशी चेहरा दिसल्याशिवाय विनोद उभाच राहत नाही.

तिसऱ्यांदा काच बिघडल्यावर मी कारणे तपासली. ऑनलाइन मागवलेला तापमापक उकळत्या पाण्यात १०६ अंश दाखवत होता; म्हणजे १५० अंशांचा समजून उतरवलेला पाक प्रत्यक्षात १४४ अंशांचाच असणार आणि त्यात पाण्याचा अंश जास्त राहिलेला असणार. दुसरा दोष माझाच. पाक दाणेदार होऊ नये म्हणून मी लिंबू सढळ हाताने पिळले होते. आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्यामुळे दाणे धरत नाहीत हे खरे. परंतु फ्रुक्टोज हवेतील ओलावा आमच्या काकूंइतक्याच हावरेपणाने ओढून घेते, आणि जुलैतल्या दादरमध्ये ओलाव्याला काय तोटा!

छपराबाबत मात्र मी अत्यंत समाधानी आहे. नानकटाईच्या पातळ चकत्या एकावर एक चढवल्यावर कोकणातल्या कौलारू घराचा भास होतो, आणि अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर यांच्या लेपाने त्या घट्ट बसल्या आहेत. चॉकलेटने चिकटवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी पंखा बंद ठेवून एकदा प्रयत्न करावा. भिंतींच्या खारीला सुटलेला मऊपणा कडक टोस्ट लावून मिटवला.

काचेसाठी क्रॉफर्ड मार्केटमधून आयसोमाल्ट, म्हणजे साखरेपासूनच बनवलेला एक गोड पर्याय, आणण्याचे ठरवले होते. ते साखरेपेक्षा महाग असले तरी ओलावा बरेच कमी धरते. परंतु हे लिहीत असतानाच वाटले की, खिडकी वाचवायचीच कशाला? तिला वितळू द्यावे, दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे आणि काकूंनी ओघळ चाटत चाटत पंधराव्या फ्रेमपर्यंत यावे. ग्रिमच्या चेटकिणींना लांबचे दिसत नाही, पण नाक जनावरासारखे तिखट असते. तेव्हा खिडकी गेल्यावर रस्त्यावरच्या बटाटावड्याचा वास थेट आत येईल आणि सोळाव्या फ्रेममध्ये काकू अर्धवट खाल्लेले घर टाकून बाहेर पडतील.

आयसोमाल्ट रद्द, लिंबू उलट दुप्पट. शनिवारी काच ओतणार आहे. आता पावसाने तेवढी उघडीप देऊ नये.