सिमलाही कुलूप हवे

आज नौपाड्यात मामींचा नवा फोन सुरू करून देताना सर्वांत आधी सिमचा पिन लावला, कारण फोनला कितीही भक्कम कुलूप असले तरी ठाणे स्थानकाच्या गर्दीत तो मारला गेल्यास चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी सरळ त्याच्या हाती पडू लागतात. सिममध्ये आधीपासून असलेला मूळ पिन मात्र सिम कंपनीकडूनच विचारून घ्यावा. तीनदा चुकल्यास सिम अडते आणि पीयूके, म्हणजे अडलेले सिम उघडणारा क्रमांक, मागते. *#०६# दाबून दिसलेला १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मामींनी गॅसच्या पुस्तकाच्या मागे लिहून ठेवला, कारण चोरीची पोलीस तक्रार झाल्यावर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोन बंद करवताना तो लागतो. व्हॉट्सॲपचा सहा अंकी पिन टाकताना त्यांनी मला पाठ फिरवायला लावली, आणि ते योग्यच होते.