दोनशे नंबरचं पान

"दोनशे नंबरचं पानच नाहीये तुमच्या पुस्तकात."

शटर अर्धं वर गेलं होतं, एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात पार्सलची पावती, आणि पाठीमागून हे वाक्य. वळून बघितलं तर काकू. आमच्या दुकानात नुसतं 'काकू' म्हटलं की त्याच. पंचाहत्तरी उलटलेली, आणि रोज रात्री मोजून वीस पानं वाचायची शिस्त. गोष्ट कितीही रंगात आलेली असो, विसावं पान संपलं की दिवा बंद. त्यामुळे त्यांचा मुक्काम कायम वीसच्या पाढ्यात पडतो. परवा १८० वर थांबल्या होत्या. काल रात्री २०० वर थांबायचं होतं, तर २०० आलंच नाही. १९२ नंतर एकदम २०९.

पुस्तक मीच दिलं होतं. दिलं कसलं, गळ्यात मारलं होतं. नवी रहस्यकादंबरी. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात प्रकाशक, लेखक आणि मी असे तिघंही उघडे पडतो, आणि त्यातल्या दोघांना मी विचारलेलं नाही.

१९३ ते २०८ गायब, म्हणजे सोळा पानं. या धंद्यात सोळाचा आकडा दिसला की काय झालंय ते बघायची गरज उरत नाही. फॉर्मा गळला. पुस्तक काही एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापायची, कागदाला तीन घड्या घालायच्या, की सोळा पानांची एक चोपडी होते. तो फॉर्मा. उलगडलेल्या कागदावर पानं विचित्र क्रमाने बसलेली असतात. पहिल्या फॉर्म्यात १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३, कुठलीही जोडी घ्या, बेरीज सतराच. घडी पडली की सगळी शहाण्यासारखी ओळीत येतात. मग बांधणीच्या वेळी प्रत्येक फॉर्म्याच्या थप्पीतून एकेक उचलत जायचं. बारावा उचलला, तेरावा राहिला, चौदावा उचलला, की झालं काकूंचं पुस्तक तयार.

हे होऊ नये म्हणून एक साधी युक्ती असते. प्रत्येक फॉर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापतात, आधीच्यापेक्षा थोडी खाली. सगळे फॉर्मे नीट रचले तर कण्याच्या बाजूने त्या खुणांचा तिरका जिना दिसतो. एक पायरी गळली तर लांबूनही कळतं. बघणारा बघत असेल तर. डिंकाच्या बांधणीत पुढे तो कणाच तासून टाकतात, त्यामुळे पुस्तक माझ्या हातात येईपर्यंत जिना नाहीसा झालेला असतो.

हे सगळं मी काकूंना मोठ्या उत्साहाने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला वाचताना नाही का जाणवलं?"

"माझी प्रत बरोबर असणार, काकू."

"असेल," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी येते मी."

गल्ल्याखालच्या खणात माझी प्रत होती. त्यात पार्सलसोबत आलेल्या एका जुन्या चलनाची घडी खूण म्हणून अडकवलेली होती. पान १६४.

पुस्तकवाला दिवसभर वाचत बसतो असा लोकांचा समज आहे. सकाळ जाते गठ्ठे सोडण्यात आणि चलनाशी ताळा करण्यात. दुपारी खालच्या फळ्यांवरची धूळ, कोपऱ्यातल्या कप्प्यात कसर लागली आहे का ते बघणं, न खपलेल्यांची परतावा-यादी. मधेच कोणीतरी मुखपृष्ठाचा फोटो काढून घेऊन जातं आणि ते पुस्तक कुठून मागवलं जाणार हे दोघांनाही ठाऊक असतं. वाचायचं ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. नवी पुस्तकं येत राहतात आणि जुनी १६४ वर थांबून राहतात.

तरीही सुचवायचं तर असतंच. माझी त्यातली एकच हातोटी आहे. आवडतं पुस्तक कोणतं असं मी गिऱ्हाइकाला विचारत नाही, कारण त्याचं उत्तर लोक पाहुण्यांपुढे काढायच्या कपबश्यांसारखं राखून ठेवलेलं असतं. मी विचारतो, शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि कुठे सोडलंत? तिथे माणूस खरं बोलतो. 'वर्णनंच संपेनात', 'नावं लक्षात राहीनात', 'तो मुलगा फार रडतो'. एवढ्यावर पुढचं पुस्तक काढून देता येतं. हा प्रश्न मला स्वतःला कोणी विचारत नाही ही त्यातली सोय.

असो. काकू गेल्यावर मी उरलेल्या गठ्ठ्याकडे वळलो. नऊ प्रती, सगळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात. वेष्टन फोडलं की पुस्तक हाताळलेलं दिसतं, आणि न फोडता आत बघायचं कसं? आयएसबीएन इथे काही कामाचा नाही. ते तेरा आकडे त्या पुस्तकाच्या त्या आवृत्तीचे, चांगल्या आणि फसलेल्या प्रतींना सारखेच. मग पार्सलचा काटा आठवला.

सत्तर ग्रॅमचा कागद म्हणजे एक चौरस मीटरला सत्तर ग्रॅम. डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या मापाची, आठ पानं (छापील सोळा, पण कागद आठच) म्हणजे चौरस मीटरच्या पाव भागाला जरा कमी. हिशेबाने सतरा ग्रॅमच्या आसपास. काकूंची प्रत ठेवली, २९७. मग गठ्ठ्यातली पहिली, ३१५. दुसरी ३१६. तिसरी २९८. तिथे माझा हात थांबला. वीस वर्षांत पुस्तकं फुटाने मोजली, टक्क्यांनी मोजली, पण गोष्टीतून काय निसटलंय ते काट्यावर बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. नऊपैकी चार हलक्या निघाल्या.

आता विकलेल्या चौदांचं काय? सहा जण रोखीने घेऊन गेले, त्यांचा पत्ता लागणं कठीण. आठ जणांचे फोन नंबर वहीत होते, कारण त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. एकेकाला फोन लावला. "जरा पुस्तक घेता का हातात? १९२ पान काढा. पुढचं कोणतं आहे?"

चौघांनी वेष्टनही काढलेलं नव्हतं. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, पण सुटल्यासारखंच वाटलं. त्यातल्या एकाने तर विचारलं, "मग आता वाचावंच लागेल का?" दोघांच्या प्रती ठीक निघाल्या. एका बाईंनी ते भेट दिलं होतं, आणि ज्यांना दिलं त्यांनी वाचून 'फार आवडलं' असं कळवलं होतं. आता त्यांना कसं विचारायचं, या पेचात त्या बिचाऱ्या पडल्या. मी म्हटलं, विचारू नका.

आठवा फोन सरांना. सर हे आमचे जुने गिऱ्हाईक. पंधरा दिवसांपूर्वी याच काउंटरला टेकून त्यांनी या कादंबरीवर अर्धा तास भाषण केलं होतं. कथेतला डॉक्टर जिना चढून वर जातो, कठडा धरतो, आणि पुढच्या ओळीला अंत्यविधीहून परतलेल्यांच्या छत्र्या दारात निथळत असतात. "मृत्यू दाखवलाच नाही! आपल्याकडे इतका संयम कोणाकडे आहे?" सरांचं ऐकून त्याच दिवशी आणखी तिघांनी ते घेतलं. मीही मान डोलावत होतो. जिन्यापर्यंत मी पोचलो नव्हतो हे त्यांना काय माहीत.

नशिबाचा खेळ असा, की १९२ वं पान पूर्णविरामावर संपत होतं आणि २०९ नव्या वाक्याने सुरू होत होतं. एखादं वाक्य मधेच तुटलं असतं तर कोणीही ओळखलं असतं.

"सर, १९२ नंतर कोणतं पान आहे?"

पानांची सळसळ. मग बराच वेळ काहीच नाही. "२०९," ते म्हणाले. "म्हणजे तो मरतो ते लिहिलेलं आहे?"

"सोळा पानं आहेत."

"अरेरे."

आपली सोळा पानं बुडाली याचं त्यांना काही नव्हतं. ती लिहिली गेली होती याचंच दुःख झालं होतं. मला त्यांची दया आली. म्हटलं, सर, तुम्हाला वाटलं ते अगदीच चूक नाही. असं मुद्दाम करणारे झालेत. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'च्या १७६१ साली आलेल्या चौथ्या खंडात चोविसावं प्रकरणच नाही, पृष्ठांकसुद्धा उडी मारतात. पुढच्या प्रकरणात निवेदक सांगतो, यात बाइंडरचा काही दोष नाही, ते मीच फाडलंय. सरांनी ते वाचलेलं नव्हतं. लगेच म्हणाले, मागवून ठेवा. चुकीची प्रत विकून वर नवीन ऑर्डर मिळाली. धंद्यात लाज बाळगून चालत नाही ती अशी.

अशा वेळी मी आणखी एक पुस्तक सुचवतो, आणि हे मी खरोखर दोनदा वाचलंय. इतालो काल्व्हिनोची १९७९ सालची कादंबरी, 'इफ ऑन अ विंटर्स नाइट अ ट्रॅव्हलर'. त्यातला वाचक बत्तिसाव्या पानावरून पुढे जातो तर पुन्हा सतरावं पान, तोच फॉर्मा पुन्हा पुन्हा बांधलेला, आणि तो तणतणत पुस्तकाच्या दुकानात जातो. आमच्या जमातीच्या माणसाला हे वाचताना हसावं की शटर ओढून घ्यावं कळत नाही. तिथल्या दुकानदाराकडे निदान प्रकाशकाचं पत्र तरी आलेलं असतं. मला कोणी पत्र पाठवलं नव्हतं. वितरकाला फोन केला तर तो म्हणाला, "अजून कोणाचीच तक्रार नाही." म्हणजे कोणी वाचलेलं नाही, किंवा सगळीकडे एकेक सर आहेत. सदोष प्रती चलनासोबत पाठवा, रक्कम खात्यात वळती करू, एवढं मात्र त्याने कबूल केलं.

मग खण उघडून माझी प्रत काट्यावर ठेवली. २९७.

संध्याकाळी काकू आल्या तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. मी चांगली प्रत काढून ठेवली होती. ती पुढे केली आणि म्हटलं, "काकू, सकाळी खोटं बोललो. माझीही प्रत तसलीच आहे. मी तिथवर पोचलोच नव्हतो."

"कुठवर पोचला होतात?"

"१६४."

"मग १६४ ला काय आलं होतं?"

माझाच प्रश्न, माझ्यावरच. काहीतरी गुळमुळीत उत्तर तोंडावर आलं होतं, वेळ मिळाला नाही वगैरे. पण त्या चष्म्यावरून बघत थांबल्या होत्या.

"तो डॉक्टर फार बोलतो," मी म्हटलं.

काकूंनी नुसतं 'हं' केलं. चांगली प्रत घेतली, पण घरी न्यायला तयार होईनात. त्यांच्या प्रतीत समासात पेन्सिलीने टिपणं होती, कोण कोणाचा भाऊ, कोणाकडे किल्ली. ते सगळं पुन्हा कोण करणार? "मला फक्त तेवढी सोळा पानं द्या. इथेच वाचते." मी स्टूल खिडकीपाशी सरकवलं. वेष्टन फाडलं. त्यांनी १९३ काढलं आणि घड्याळ बघून वाचायला बसल्या. मी समोर परताव्याचं चलन लिहायला घेतलं. गठ्ठ्यातल्या चार, माझी एक, काकूंची एक. सदोष प्रती, ६. ते लिहून झाल्यावर माझी १६४ वरची खूण काढली आणि मीही वाचू लागलो.

काही वेळ दुकानात पानांचाच आवाज होता. मधे एक मुलगा आला, वह्या आहेत का विचारून गेला. काकू वाचताना ओठ हलवत नाहीत, पण भुवया हलतात. पहिली चार-पाच पानं भुवया वर होत्या. मग हळूहळू खाली आल्या. दहाव्या पानाच्या सुमाराला त्यांनी एकदा पुढे चाळून किती उरलंय ते बघितलं. काकू! पानं मोजून वाचणाऱ्या काकूंना मी पुढचं चाळताना कधी बघितलेलं नव्हतं.

२०८ संपवून त्यांनी पुस्तक मिटलं आणि काउंटरवर ठेवलं.

"सोळा पानं मरतोय तो," त्या म्हणाल्या. "जिन्यावरून पडलाय आणि सगळ्या खानदानाचा इतिहास सांगतोय. किल्ली कुणाकडे आहे तेही सांगून टाकतो. मग पुढचं कशाला वाचायचं?"

मी काहीच बोललो नाही.

"तुमचे ते सर म्हणतात ते खरंय. आमचीच प्रत चांगली."

"मग ही घेता ना बदलून?"

"छे." त्यांनी स्वतःची पेन्सिलीच्या खुणांची प्रत पिशवीत घातली. "आणि १६४ ला सोडलंत ते बरं केलंत," असं म्हणून पायऱ्या उतरून गेल्या.

चलनावरचा ६ खोडून ५ केला. खाडाखोड दिसायला नको म्हणून मग ते फाडून नवीनच लिहिलं.